टेम्पो थंडीत चालू होईना, तेव्हा आधी काय बघावं?



आज बचत, कर्ज, हप्ता यातलं काही बोलणार नाही. आज आपल्याला बॉनेटखाली बघायचं आहे. आपल्या भागातल्या बऱ्याच गटांनी दूध, भाजी, द्राक्षाचे क्रेट वाहायला जुने डिझेल टेम्पो घेतले आहेत. नव्या गाडीचा हप्ता झेपत नाही म्हणून वापरलेली गाडी घ्यायची, यात चूक काही नाही. पण गाडी आपल्या पैशाची असली तरी बॉनेट उघडलं की आपण चार पावलं मागे सरतो आणि मिस्त्री म्हणेल ते खरं मानतो. हे मागे सरणं आमच्या गटाला किती महाग पडणार होतं, ते आधी सांगते.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं. इथली थंडी तुम्हाला सांगायला नको. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा मोजतात आणि दर हिवाळ्यात निफाडचं नाव बातम्यांत येतं. डिसेंबर-जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश म्हणजे आम्हाला नवल नाही. आमचा टेम्पो सतरा वर्षांचा, चार सिलिंडरचा. पहाटे साडेपाचला निघून वस्त्यांवरचं २२ घरांचं दूध गोळा करायचं आणि सातच्या आत केंद्रावर पोचवायचं, हे त्याचं काम. सातनंतर केंद्र दूध घेत नाही.

मागच्या डिसेंबरात टेम्पोने त्रास द्यायला सुरुवात केली. सेल्फ मारला की इंजिन घर्रघर्र फिरायचं, सायलेन्सरमधून पांढरा धूर यायचा, पण गाडी काही चालू व्हायची नाही. आम्ही बाया पदर खोचून धक्का मारायचो. कधी चालू व्हायची, कधी व्हायची नाही. बारा दिवसांत पाच वेळा दूध परत आलं. परत आलेल्या दुधाचं कुणी दही लावलं, कुणी खवा आटवला, कुणी वासरांना पाजलं. पण दह्याने हप्ता फिटत नाही. दहा दिवसांचं बिल आलं तेव्हा एका ताईच्या हातात खुराकाचे पैसेसुद्धा पुरे आले नाहीत.

मग शोध सुरू झाला की चूक कुणाची. आमचा ड्रायव्हर म्हणजे गटातल्याच एका ताईंचा दीर. तो उशिरा उठतो, गाडी तापवत नाही, असं बैठकीत ठरलं आणि त्याचे पाच दिवसांचे पैसे कापले. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. तेवढ्यात कुणीतरी सांगितलं की बॅटरी गेली असेल. जुनी देऊन नवी बॅटरी आणली, वर ५,२०० रुपये दिले. फरक शून्य. शेवटी गाडी एका गॅरेजवर नेली. तिथे पाच मिनिटांत निकाल लागला. इंजिन बसलं आहे, कंप्रेशन गेलं आहे, रिंग-पिस्टन टाकावे लागतील, ५५,००० रुपये होतील. गटाच्या खात्यात तेवढे पैसे नव्हते. कर्ज काढायचा ठराव मांडायला आम्ही बसलो.

त्या बैठकीत आमच्या गटातल्या सगळ्यांत वयस्क मावशींनी ड्रायव्हरला विचारलं, "दादा, धूर येतो म्हणतोस, तो काळा का पांढरा?"

"पांढरा, मावशी."

"डोळ्याला झोंबतो?"

"लई झोंबतो. डिझेलचा वास येतो त्याला."

"मग सरपण हाय चुलीत. सरपण नसतं तर धूर कुठला आला असता? पेटत नाही एवढंच. चूल गार हाय तुझी."

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण दुसऱ्या दिवशी एसटीतून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रीकाकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "म्हातारीने बरोबर सांगितलं. तुम्ही हीटर प्लग बघितले का?" आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघितलं. हीटर प्लग म्हणजे काय, हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आणि गॅरेजवाल्याने ते बघितलेच नव्हते.

आता हे इंजिन पेटतं कसं ते सांगते. पेट्रोलच्या गाडीत, म्हणजे आपल्या स्कूटीत, स्पार्क प्लग असतो. तो ठिणगी टाकतो आणि पेट्रोल पेटतं. डिझेल इंजिनात ठिणगी नसतेच. तिथे नुसती हवा दाबतात. सायकलला हवा भरताना पंपाची नळी खालच्या बाजूला हाताला गरम लागते, तसंच हे. पंपात हवा थोडीच दाबली जाते, पण जुन्या डिझेल इंजिनात ती वीस-बावीस पट दाबली जाते. दाबता दाबता ती इतकी तापते की त्यात डिझेलचा बारीक फवारा मारला की तो आपोआप पेट घेतो.

आता पहाटेचा विचार करा. इंजिनाचं बीड रात्रभर गारठलेलं असतं. आत येणारी हवा गार, तेल घट्ट झालेलं, बॅटरीही थंडीने मलूल. पिस्टन हवा दाबतो, हवा तापते, पण तिची निम्मी ऊब आजूबाजूचं गार लोखंडच शोषून घेतं. गार तव्यावर भाकरी टाकल्यासारखं होतं. डिझेलचा फवारा येतो, पण पेट घेण्याइतकी ऊब उरलेली नसते. मग ते न जळलेलं डिझेल बारीक थेंबांच्या वाफेसारखं सायलेन्सरमधून बाहेर पडतं. तोच तो पांढरा, डोळ्याला झोंबणारा धूर.

जुन्या प्रकारच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडरच्या डोक्यात एक लहानशी कोठी असते आणि डिझेल आधी त्या कोठीत फवारलं जातं. कोठीच्या भिंती जास्त ऊब खातात, म्हणून असली इंजिनं थंडीत फार कुरकुर करतात. त्यावरचा उपाय म्हणजे हीटर प्लग. पुस्तकात त्याला ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजमध्ये हीटर. बोटाएवढा, पेन्सिलीसारखा टोकाचा तुकडा. प्रत्येक सिलिंडरला एक, म्हणजे आमच्या टेम्पोला चार. चावी अर्धी फिरवली की बॅटरीचा करंट त्यात जातो आणि कोठीत घुसलेलं त्याचं टोक काही सेकंदांत लालबुंद होतं. आठशे अंशांच्या वर तापतं ते. डिझेल त्या टोकाजवळून जाताना पेटतं. एकदा इंजिन चालू होऊन तापलं की हीटरचं काम संपलं.

इथे एक खबरदारी. सगळ्याच डिझेल गाड्यांना हीटर प्लग नसतात. ट्रॅक्टरवर, काही पिकअपवर डीआय अशी अक्षरं असतात. त्या इंजिनात ती कोठी नसते, डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारलं जातं, आणि त्यातल्या बऱ्याच जुन्या इंजिनांना हीटर लागतच नाही. याउलट प्यूजो इंजिनच्या जुन्या जीप आठवतात का? त्यांना हीटर होता आणि जुने ड्रायव्हर आधी हीटर मारून मगच सेल्फ मारायचे. तेव्हा आपल्या गाडीला हीटर आहे का, हे ड्रायव्हरला विचारून गटाच्या रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. नाहीतर नसलेल्या वस्तूचं बिल कुणी लावलं तरी कळायचं नाही.

मिस्त्रीकाकांनी जे सांगितलं त्यातलं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटलं ते हे. चारही हीटर एकाच दिवशी जात नाहीत. एक जातो, बाकीचे तीन चालू राहतात. आणि आपल्याकडे वर्षातले नऊ-दहा महिने इतके गरम असतात की हीटर मेला तरी गाडी उठते. एक मेला उन्हाळ्यात, कळलं नाही. दुसरा मेला पावसाळ्यात, गाडी जरा थरथरली, कुणी लक्ष दिलं नाही. तिसरा गेला दिवाळीत. डिसेंबरात पारा उतरला आणि एका हीटरवर चार सिलिंडर पेटवायची वेळ आली. आम्हाला वाटलं गाडी अचानक बिघडली. ती दोन वर्षं हळूहळू बिघडत होती, थंडीने फक्त ते उघड केलं.

मग मी ड्रायव्हरला विचारलं, मागच्या हिवाळ्यात कशी उठायची? तो म्हणाला, "ताई, मागच्या साली पण चालू झाल्यावर दोन मिनिटं लंगडायची. मी सांगितलं होतं." सांगितलं होतं खरं. पण चालू होते ना, मग झालं, असं आम्हीच म्हणालो होतो.

आता हे घरच्या घरी कसं तपासायचं ते ऐका, वही-पेन जवळ असेल तर घ्या. लागतो फक्त एक टेस्ट लॅम्प. ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळतो, नाहीतर बारा व्होल्टचा छोटा बल्ब, होल्डर, दोन वायरी आणि एक चिमटा घेऊन घरीही होतो. मोबाईल दुरुस्त करणाऱ्याकडे असतं ते मल्टिमीटर असलं तर आणखी चांगलं, पण त्यावाचून अडत नाही. हे सगळं जुन्या, बारा व्होल्टच्या साध्या गाडीसाठी सांगते आहे. नव्या गाड्यांत संगणक असतो आणि हीटरही कमी व्होल्टचे असतात, तिथे हा खेळ करू नका.

आधी गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकाखाली दगड. हातातल्या धातूच्या बांगड्या काढून ठेवा, हे मी गंमतीने सांगत नाही. बॅटरीच्या प्लसला आणि इंजिनाला एकाच वेळी धातू लागला तर बांगडी तापून हात भाजतो. पदर आणि ओढणी बांधून घ्या.

लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या प्लसला लावा आणि टोक इंजिनाच्या स्वच्छ लोखंडाला टेकवा. बल्ब लागला पाहिजे. लागला म्हणजे लॅम्प ठीक आहे. आता चारही हीटरच्या डोक्यांवरून जाणारी एक धातूची पट्टी किंवा वायर दिसेल. तिच्यातूनच चौघांना करंट मिळतो. चिमटा आता इंजिनाच्या लोखंडाला लावा, टोक त्या पट्टीला टेकवा आणि दुसरीला चावी हीटरवर फिरवायला सांगा. बल्ब झगझगीत लागला तर करंट इथवर येतो आहे. अजिबात लागला नाही तर दोष हीटरच्या आधी आहे, म्हणजे फ्यूज, रिले किंवा वायर. रिले ठीक असेल तर चावी फिरवताना बऱ्याचदा टक असा आवाज येतो. बल्ब मिणमिणता लागला तर कुठेतरी जोड गंजला आहे. हा दोष तर फार स्वस्तात सुटतो, कधी नुसत्या पॉलिश पेपरने.

करंट येतो आहे असं दिसलं की चावी बंद करून काढून घ्या आणि खिशात ठेवा. मग पट्टीचे छोटे नट सोडून पट्टी बाजूला करा. नट खाली पडले तर सापडत नाहीत, म्हणून खाली कापड अंथरा. आता पुन्हा चिमटा बॅटरीच्या प्लसला आणि टोक एकेका हीटरच्या डोक्याला. बल्ब लागला तर तो हीटर जिवंत. नाही लागला तर आतली तार तुटली, तो मेला. मल्टिमीटर असेल तर ओहमवर ठेवून एक टोक हीटरच्या डोक्याला आणि दुसरं इंजिनाच्या लोखंडाला लावायचं. चांगला हीटर एक ओहमच्या आसपास दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही.

आमच्याकडे पट्टीवर बल्ब छान लागला. मग पहिला हीटर, अंधार. दुसरा, अंधार. तिसऱ्यावर बल्ब लागला आणि सगळ्यांनी श्वास सोडला. चौथा, अंधार. चारातले तीन मेलेले. ड्रायव्हर बाजूला उभा होता. तो एवढंच म्हणाला, "मी रोज सव्वाचारला उठत होतो." मला त्याच्याकडे बघवलं नाही.

डॅशबोर्डवरच्या हीटरच्या दिव्यावर मात्र विसंबू नका. तो आमच्या टेम्पोत रोज लागत होता आणि रोज विझत होता. बऱ्याच गाड्यांत तो दिवा वेळ मोजतो, हीटर तापला की नाही ते त्याला कळत नाही. त्यापेक्षा काकांनी दाखवलेली खूण बरी. अंधारात हेडलाईट लावून चावी हीटरवर फिरवायची. चार चांगले हीटर मिळून चाळीस-पन्नास अँपिअर करंट ओढतात, त्यामुळे हेडलाईट किंचित मंद होतो. आमचा हेडलाईट ढिम्म हलत नव्हता. ही नुसती खूण झाली, खात्री टेस्ट लॅम्पनेच करायची.

धुराचं आणखी थोडं सांगते, कारण धूर आपल्याला कळतो. सेल्फ जोरात फिरतोय, पण सायलेन्सरमधून धूर अजिबात नाही, तर मावशींच्या भाषेत चुलीत सरपणच नाही. डिझेल पोचत नाही. अशा वेळी हीटरच्या मागे लागू नका. रात्रीतून डिझेलच्या नळीत हवा शिरली असेल, रबरी पाईप तडकला असेल, क्लिप सैल झाली असेल, फिल्टर चोंदला असेल. फिल्टरजवळचा हातपंप दाबून हवा काढल्यावर गाडी लगेच उठली तर समजा की नळीत कुठेतरी हवा शिरायला जागा आहे, ती शोधायला सांगा. रोज हवा काढत बसणं हा उपाय नाही. फिल्टरच्या तळाचं पाणीही अधूनमधून सोडायला हवं. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय. आणि पांढरा धूर गाडी चांगली तापल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असलं, तर ते पाणी आत जातंय, ते दुखणं वेगळं आणि मोठं. थंड गाडीचा पांढरा धूर एक-दोन मिनिटांत गेला पाहिजे.

सेल्फ मरगळल्यासारखा, कण्हत फिरत असेल तर बॅटरीकडे बघा. पण बॅटरी विकत घेण्याआधी तिची टोकं बघा. त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर करंट तिथेच अडतो. आधी मायनसची वायर काढायची, मग प्लसची. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने घासायचं, पाणी बॅटरीच्या आत जाऊ द्यायचं नाही. कोरडं करून आधी प्लस, शेवटी मायनस घट्ट बसवायची आणि वरून व्हॅसलीन लावायचं. बॅटरीजवळ बिडी-काडी नको, तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. आमची जुनी बॅटरी बहुधा चांगलीच होती, सेल्फ जोरात फिरत होता हे आम्हाला दिसत होतं. ते ५,२०० रुपये गेले ते गेले.

आता जे करू नये ते. हे प्रत्येक गावात चालतं, म्हणून जरा वेळ घेते.

चेंबरखाली पाचट किंवा चिंध्या पेटवायच्या, म्हणजे ऑईल पातळ होतं. जुन्या गाडीखाली डिझेल आणि ऑईल कुठे ना कुठे गळत असतंच. गाडीबरोबर गोठा जळेल. दुसरं, हवेच्या नळीत पेट्रोलचा बोळा धरायचा किंवा स्टार्टिंग स्प्रे मारायचा. हीटर असलेल्या इंजिनात हे सगळ्यांत धोक्याचं. एखादा जरी हीटर जिवंत असला आणि लाल झालेला असला, तर तो वायू नको त्या वेळी भडकतो. रिंग तुटते, पिस्टनला इजा होते, कधी माणसाच्या तोंडावर जाळ येतो. ज्या इंजिनात काही बिघडलेलं नव्हतं ते अशाने खरंच बिघडतं आणि मग त्या ५५,००० च्या बिलाला आपण नाही म्हणू शकत नाही. उकळतं पाणी गार इंजिनावर ओतू नका, बीडाला तडा जातो.

आणि उतारावर गाडी लावून सोडायची. हे आम्हीही केलं. धक्का मारून गाडी चालू होते हे खरं, पण इंजिन बंद असताना ब्रेकला मिळणारी मदतही बंद असते. ब्रेकचं पॅडल दगडासारखं घट्ट होतं. दुधाने भरलेला टेम्पो अंधारात उताराला लागला आणि चालू झाला नाही, तर तो थांबवायला पायात केवढा जोर लागेल याचा विचार करा. धक्का मारणाऱ्या आपण मागे असतो म्हणून बचावतो, पुढे कुणी असलं तर?

काही जण म्हणतात की थंडीने डिझेलच गोठतं. लडाखमध्ये गोठतं. तिथल्यासाठी इंडियन ऑईलने २०१९ साली खास हिवाळी डिझेल काढलं, उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं. निफाडची थंडी कितीही झोंबली तरी ती लडाखची नव्हे. हे कारण कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि हीटर तपासा.

हीटर बदलताना मात्र हे काम मिस्त्रीच्या हातानेच करून घ्या, आपण शेजारी उभं राहायचं. वर्षानुवर्षांच्या काजळीने हीटर जागेवर जाम बसलेले असतात. गार इंजिनात जोर लावून फिरवला तर टोक आत तुटून पडतं आणि मग खरंच हेड उतरावं लागतं. काकांनी दुपारी गाडी फिरवून आणायला लावली, इंजिन गरम असताना तीन काढले. एक हलेना. त्याच्या मुळाशी गंज सुटायचं तेल सोडून रात्रभर ठेवला, तो दुसऱ्या दिवशी गाडी तापवल्यावर सुटला. जुना हीटर दुकानात दाखवून, त्याच्यावर कोरलेले व्होल्ट आणि लांबी जुळवूनच नवा घ्या. लांब घेतला तर टोक आत आपटतं, कमी व्होल्टचा घेतला तर चार दिवसांत जळतो. तीन मेले असले तरी चारही बदला, चौथ्याचंही वय तेवढंच आहे. आमचे चार हीटर १,६४० रुपयांचे, मजुरी ५००, एकूण २,१४०.

मग इंजिन बसलं असं जे सांगितलं ते खोटंच होतं का? काकांनी तसं म्हटलं नाही. झिजलेलं इंजिनही थंडीतच आधी कुरकुरतं, त्यामुळे शंका घ्यायला जागा असते. पण आमची गाडी दुपारी अर्ध्या सेल्फवर उठत होती, भरलेली चढ चढत होती, ऑईल फारसं पीत नव्हती. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उघडलं तर आतून भकाभका वाफारा येत नव्हता. ही सगळी इंजिन बरं असल्याची लक्षणं. तरीही कुणी कंप्रेशन गेलं म्हटलं तर वाद घालू नका. गेज लावून चारही सिलिंडरचे आकडे कागदावर मागा. गेज लावायला हीटर किंवा नोझल काढावाच लागतो, म्हणजे त्या निमित्ताने हीटरही बघितले जातात. आकडे न देता इंजिन खोला म्हणणाऱ्याकडे गाडी ठेवू नका.

नवे हीटर बसवल्यावर दुसऱ्या पहाटे आम्ही सात-आठ जणी शेकोटी सोडून टेम्पोपाशी उभ्या होतो. ड्रायव्हरने सगळे लाईट बंद ठेवले, चावी हीटरवर फिरवून मनात पंधरापर्यंत आकडे मोजले, क्लच दाबला आणि सेल्फ मारला. दुसऱ्या घरघरीला गाडी उठली. पांढरा धूर आला, पण तोंड धुवून होईपर्यंत गेलाही. क्लच दाबायचा तो यासाठी की गिअरबॉक्समधलं घट्ट तेल सेल्फला ओढावं लागू नये. एका दमात दहा सेकंदांच्या वर सेल्फ मारायचा नाही. नाही उठली तर मिनिटभर थांबून पुन्हा हीटर. लागोपाठ सेल्फ मारत राहिलं तर आधी बॅटरी बसते, मग सेल्फ जळतो.

पुढच्या बैठकीत कर्जाचा ठराव रद्द झाला. ड्रायव्हरचे कापलेले पाच दिवसांचे पैसे परत करायचा ठराव मीच मांडला आणि लिहिताना जुन्या ठरावावर रेघ न मारता खाली नवा लिहिला, दोन्ही दिसावेत म्हणून. पैसे मावशींच्या हातून दिले. त्याने घेतले. त्याच्या वहिनी अजून दोघींशी नीट बोलत नाहीत, ते काही हीटर बदलून सुटण्यासारखं नाही.

आता दिवाळीआधी एकदा हीटर तपासायचे असं रजिस्टरच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवलं आहे. शेवटचं कधी बदलले ती तारीख आणि व्होल्टही शेजारी आहेत. टेस्ट लॅम्प गटाच्या पेटीत पासबुकांबरोबर असतो. शेजारच्या दोन गावांतल्या गटांनी तो नेऊन आणलासुद्धा. एकीकडे चारही हीटर चांगले निघाले, दोष पट्टीच्या एका सैल नटात होता. नट आवळायला पाच मिनिटं लागली.